'बस' म्हटलं की बसायचं, पण कुठल्या 'बस'ला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन रविवारांपूर्वी आपल्या पुरवणीत कुत्र्याला घरच्या घरी शिस्त कशी लावावी, यावर एक लेख आला होता. मी ३१ वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं आहे, त्यामुळे मजकुराआधी चूक दिसते. 'फिरायला नेताना कुत्र्याचा पत्ता हातात घट्ट धरावा' असं छापलं आहे. तिथे पट्टा हवा होता. ती चूक मी हसून सोडून दिली. कुत्र्याचा पत्ताही मालकाच्या हाती असलेला बरा. पण त्याच लेखात शुद्धलेखनाच्या दृष्टीने अगदी बिनचूक छापलेली काही वाक्यं आहेत, ती मला सोडवेनात. मालक कोण हे कुत्र्याला दाखवून द्या, त्याच्याआधी जेवा, दारातून त्याच्याआधी बाहेर पडा, ऐकतच नसेल तर उताणा पाडून दाबून धरा. आज्ञा तो पाळेपर्यंत पुन्हा पुन्हा द्या. घरात घाण केली तर तिथे नेऊन नाक घासा. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेलं वाक्य: 'कुत्र्याला शब्द कळत नाहीत, त्याला फक्त जरब कळते.'

शब्दांचीच भाकरी खाल्लेल्या बाईला हे वाक्य झोंबलं नसतं तरच नवल. म्हणून हे पत्र. लांबेल. कात्री लावायचीच झाली तर लांडग्यांचा भाग कापा, 'बस'चा कापू नका.

आमच्या घरी मोनो आहे. चार वर्षांचा, मातकट रंगाचा, एक कान उभा, एक पडका, जात कुठलीच नाही. नाव मी ठेवलं. माझी नोकरी लागली तेव्हा छापखान्यात मोनोटाइप यंत्रावर जुळणी व्हायची, सगळे त्याला नुसतं 'मोनो' म्हणत. ते यंत्र जसं अखंड खडखडत राही तसं हे पिल्लू पहिली रात्रभर कुंईकुंई करत राहिलं, म्हणून मोनो. नाव ठेवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही आणि ती इतर कुणाच्या नाही तरी माझ्या यायला हवी होती. घरात जो तो त्याला "नो!" म्हणून दटावायचा. मोनो, नो. नो, मोनो. दर दटावणीत त्याला आपलं अर्धं नाव ऐकू येई आणि तो शेपूट हलवत जवळ येई. सून म्हणायची, "आई, हा निर्लज्ज आहे." निर्लज्ज कुठला, हाक मारली म्हणून येत होता बिचारा.

'नो' गेलं, पण खरा घोळ 'बस'चा होता.

मोनोला 'बस' शिकवलं नातवाने, दोन दिवसांत. तो बसायचाही. मग काही आठवड्यांत त्याने ऐकणं सोडलं. कधी बसे, कधी नुसता बघत राही. घरात एकमत झालं की कुत्रा हट्टी आहे. मला मात्र काही विचित्र गोष्टी दिसत होत्या. दाराची घंटा वाजली की तो भुंकायचा, हे आतून ओरडायचे, "गप्प बस!" आणि मोनो बसायचा. बसून भुंकायचा. सोफ्यावर चढला की सून म्हणायची, "खाली बस." तो सोफ्यावरच बूड टेकवून बसायचा आणि वर तोंड करून खाऊची वाट बघायचा. यात बेशिस्त कुठे आहे, तुम्हीच सांगा. त्या वाक्यातला एकच शब्द त्याच्या ओळखीचा होता आणि त्याने तो अक्षरशः पाळला होता.

मग एका संध्याकाळी मी पेन्सिल घेऊन बसले आणि तासाभरात आमच्या घरात 'बस' किती वेळा उच्चारलं जातं ते मोजलं. २३ वेळा. त्यातलं मोनोला उद्देशून फक्त ६ वेळा. बाकी नातवाला "गप्प बस", पानात वाढताना "बस, बस, एवढंच", मुलाची "बस चुकली", सुनेचं "आता बस झालं हं", ह्यांचं फोनवर "बस, आपलं चाललंय". त्या १७ वेळा मोनोने काय करायचं होतं? काही नाही. थोडक्यात, त्या तासाभरात सहादा आम्ही त्याला सांगत होतो की 'बस' म्हटलं की बसायचं, आणि सतरादा शिकवत होतो की 'बस' म्हटलं की काहीच करायचं नसतं. त्याने बहुमत मानलं.

आपल्याकडे मराठी घरांतले कुत्रेसुद्धा 'सिट', 'स्टे', 'कम' असं इंग्रजीत ऐकतात, याची मला पूर्वी चीड यायची. आता कारण कळतं. कुत्र्याला इंग्रजी कळतं म्हणून नव्हे, तर 'सिट' या शब्दाला घरात दुसरं काही काम नसतं म्हणून. शब्द मोकळा असतो, त्याला आपण देऊ तो अर्थ चिकटतो. आपल्या 'बस', 'ये', 'थांब', 'जा' यांच्यावर आधीच इतकी ओझी आहेत. शिवाय आपली क्रियापदं एका रूपात राहतील तर शपथ. ये, ये ना, येतोस का, येशील का रे, या बरं. कुत्र्याच्या कानाला हे पाच वेगळे आवाज आहेत, आणि आपण समजतो आपण एकच गोष्ट पाचदा सांगितली.

तेव्हा शब्द कळत नाहीत हे खरं नव्हे. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ वस्तूंची नावं ओळखता येत होती. जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने तिला तीन वर्षं रोज तासन्‌तास शिकवलं होतं. आणि २०१६मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी १३ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं (हे शिकवणं हाच मला अर्धा चमत्कार वाटतो) आणि त्यांना प्रशिक्षकाचा आवाज ऐकवला. कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला तेव्हाच मेंदूतला बक्षिसाने सुखावणारा भाग जागा झाला. नुसता शब्द कोरड्या सुरात किंवा नुसता लाडिक सूर निरर्थक शब्दांना लावून, तसं झालं नाही. म्हणजे सूर हवा आणि शब्दही हवा.

आम्हाला १,०२२ नको होते. पाच पुरे होते. मी छापखान्यातल्यासारखा लेखननियमांचा एक कागद केला आणि फ्रिजवर लावला. छापखान्यात 'झाले'ला 'झालं' करायचं की नाही यावर एकमत नसेल तर एका पानावर दोन्ही दिसतात आणि वाचक हसतो. इथे वाचक मोनो होता. बसण्यासाठी 'टेक'. आडवं होण्यासाठी 'पसर'. जवळ येण्यासाठी 'धाव'. तोंडातलं किंवा वाटेतलं टाकून देण्यासाठी 'सोड'. आणि हातातलं काम संपलं, आता हुंदड, यासाठी 'मोकळा'. हा शेवटचा शब्द लोक विसरतात. 'टेक' म्हटल्यावर कुत्रा बसतो, पण किती वेळ बसायचं हे त्याला कोणीच सांगत नाही, मग तो स्वतःच ठरवतो आणि दोन सेकंदांत उठतो. पूर्णविराम नसलेलं वाक्य वाचताना आपण जसं करतो तसंच.

कागदावर घरातल्या सर्वांच्या सह्या घेतल्या. ह्यांनी सही करताना विचारलं, "कुत्र्याची कुठाय?"

आता 'टेक' प्रत्यक्षात कसं शिकवलं ते सांगते, कारण आपल्या लेखात 'कंबर दाबून खाली बसवावे' असं आहे. कंबर दाबली की कुत्रा उलट वर जोर लावतो, करून पाहा. मी उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरला आणि मोनोच्या नाकाला जवळजवळ चिकटवला. मग हात सावकाश त्याच्या दोन कानांच्या मधून मागे नेला. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. त्याच्या पाठीच्या कण्याची ती रचनाच आहे. हात फार उंच नेला तर तो उडी मारतो, फार लवकर मागे नेला तर उलटा चालायला लागतो. आमचा उलटा चालला. सरळ जेवणाच्या टेबलाखाली गेला आणि तिथून माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याला भिंतीकडे पाठ करून उभं केलं, मग मागे जायला जागाच उरली नाही. बूड फरशीला लागलं त्याच क्षणी "छान" आणि तुकडा तोंडात.

यात सुरुवातीला 'टेक' हा शब्द कुठेच नाही, हे पाहिलंत? आधी कृती, नाव नंतर. तीन दिवस मी 'टेक' म्हटलंच नाही. तो हाताच्या खुणेवर हमखास बसायला लागल्यावर मग आधी "टेक", अर्धा सेकंद थांबून हाताची खूण, मग बसणं, मग खाऊ. क्रम महत्त्वाचा. शब्द आणि खूण एकदम दिली तर कुत्रा हाताकडे बघतो आणि शब्द वाया जातो, कारण त्यांना आपल्या तोंडापेक्षा आपलं अंग जास्त वाचता येतं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांनाही मेट्रोनोमची (ठेका धरणाऱ्या यंत्राची) टिकटिक आधी ऐकू यायची आणि अन्न मागून यायचं, म्हणून पुढे नुसत्या टिकटिकीनेच त्यांना लाळ सुटायची. अन्न आधी आणि टिकटिक नंतर असं केलं तर त्या टिकटिकीला काही अर्थ येत नाही. (पाव्हलॉव्ह यांना १९०४चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्यांच्या लाळेच्या गोष्टीसाठी नव्हे. ही चूक मी नोकरीत निदान चारदा दुरुस्त केली असेल.)

पाच-सहा वेळा तुकडा दाखवून झाल्यावर हात रिकामा ठेवायचा, खूण तीच करायची आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्यायचा. हे लवकर केलं नाही तर कुत्रा आधी हातात काय आहे ते तपासतो आणि मग बसायचं की नाही ते ठरवतो. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, त्याहून जास्त नाही. तुकडे त्याच्या रोजच्या जेवणातून वजा करायचे. आणि शिकवण्याच्या उत्साहात चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा असलेलं काहीही किंवा झायलिटॉल घातलेली साखरविरहित गोळी कधीही द्यायची नाही. हे सगळं कुत्र्याला विषारी आहे.

बूड टेकलं त्या क्षणी 'छान' म्हणायचं, असं वर म्हटलं, पण तो क्षण माझ्याकडून हुकायचा. तुकडा पुढे करेपर्यंत मोनो उठलेला असे आणि खाऊ त्याला उठण्याबद्दल मिळे. यावर एक जुना उपाय आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४०च्या दशकात प्राण्यांना शिकवताना एक छोटा ठराविक आवाज वापरला: आवाज झाला, म्हणजे 'हेच बरोबर, खाऊ येतोय'. त्या आवाजाने नेमका क्षण पकडता येतो, मग खाऊ दोन सेकंद उशिरा आला तरी चालतो. यासाठी क्लिकर, म्हणजे दाबला की टक् वाजणारा छोटा खटका, मिळतो. मी माझं खटक्याचं लाल बॉलपेन वापरलं. ३१ वर्षं त्याने चुका दाखवल्या, आता बरोबर काय ते दाखवू लागलं. आधी नुसतं टक् आणि तुकडा, टक् आणि तुकडा, असं वीस-पंचवीस वेळा. मग बूड टेकलं की टक्.

फार सुंदर चाललं होतं. मग नातवाची परीक्षा आली. त्याला विचार करताना पेन टकटकवायची सवय. पहिल्या संध्याकाळी मोनो त्याच्या टेबलाशी धावत गेला, बसला, काही मिळालं नाही. पुन्हा टक्, पुन्हा पसरला. टक्, पंजा वर. दीड तासात त्याने येत होतं ते सगळं करून दाखवलं आणि येत नव्हतं ते शोधून काढलं, आणि शेवटी टेबलाखाली जाऊन नातवाची चप्पल कुरतडली. पेनाचा खटका तिथेच मेला. मी 'छान' या शब्दावर परत आले. तो मात्र छोटा, एकाच सुरात आणि फक्त त्याच्यासाठी राखून ठेवलेला. आमच्या घरात आता जेवणाला 'चांगलं झालंय' म्हणतात. सुनेला सुरुवातीला ते लागलं.

आता पुन्हा पुन्हा आज्ञा देण्याविषयी. कागदावर सही असूनही आमचे हे म्हणायचे, "टेक. टेक रे. टेक ना बाबा, टेक." आणि म्हणायचे, माझंच ऐकत नाही. मी एका दुपारी बाजूला उभी राहून पाहिलं. पहिल्या 'टेक'ला मोनो ह्यांच्याकडे बघत होता. दुसऱ्याला कान हलला. तिसऱ्याला बसला. पुन्हा केलं, पुन्हा तिसऱ्याला. सलग पाच वेळा, दर वेळी तिसऱ्याला. माझ्याकडे आला तर पहिल्याला. ह्यांचं ऐकत नव्हता असं नाही, ह्यांची आज्ञा 'टेक टेक टेक' अशी तीन शब्दांची आहे असं त्याने शिकून घेतलं होतं आणि तो ती पूर्ण होण्याची वाट बघत होता. सभ्य प्राणी आहे, मधे तोडत नाही. तेव्हा एकदा सांगायचं आणि थांबायचं. दहा सेकंद. काही झालं नाही तर काही न बोलता दोन पावलं बाजूला व्हायचं, खूण सोपी करायची, पुन्हा पहिल्यापासून. तरीही जमलं नाही, तर त्याला अजून येत नाही असं समजायचं.

स्वयंपाकघरात येतं म्हणजे फाटकाशी येतंच असंही नाही. कुत्रा 'टेक' हा शब्द जागेसकट शिकतो: पिवळी फरशी, अंड्याचा वास, माझा उजवा हात आणि 'टेक'. फाटकाशी तो शब्द त्याला जवळजवळ नवाच असतो. तिथे पुन्हा पहिल्यापासून, पण लवकर होतं. आम्ही सात ठिकाणी शिकवलं. जिन्यात सगळ्यांत अवघड गेलं.

'ये'चा विषय मी टाळत होते, पण तो टाळून चालणार नाही. मोनो आठ महिन्यांचा असताना त्याने ह्यांची चप्पल पळवली. ह्यांनी गोड आवाजात "ये, ये" म्हणून जवळ बोलावलं, तो आला, आणि पाठीत एक बसली. पुढचे तीन आठवडे 'ये' ऐकलं की तो पलंगाखाली. मार चपलेबद्दल होता हे फक्त ह्यांना ठाऊक होतं. मोनोच्या लेखी तो 'ये' म्हटल्यावर जवळ आल्याबद्दल होता. मुद्रितावर बरोबर खूण चुकीच्या ओळीसमोर केली तर जुळारी बरोबर ओळ बिघडवून ठेवतो आणि चूक तशीच राहते, तसं झालं. तो शब्द कायमचा नासला. म्हणूनच 'धाव' आला, आणि त्याला नियम एकच: 'धाव' म्हणून बोलावल्यावर काहीही वाईट होणार नाही. आंघोळ घालायची, नखं कापायची, खेळ संपवून घरात न्यायचं असेल तर आपण उठून त्याच्याकडे जायचं.

पुढे एकदा फाटक उघडं राहिलं आणि मोनो निसटला. मी सगळे नियम विसरून त्याच्या मागे धावले. मागे धावणं म्हणजे कुत्र्याच्या भाषेत पकडापकडीचं आमंत्रण, ते त्याने आनंदाने स्वीकारलं. वीस मिनिटांनी, आम्ही दमून पायरीवर बसलो असताना, स्वतःच्या सवडीने परत आला. ह्यांचा हात वर गेला. मी म्हटलं, "अहो, तो आलाय. आत्ता माराल तर पुढच्या वेळी येणार नाही." हात खाली आला. खिशातून तुकडा काढला. दंड भरल्यासारखा दिला, पण दिला.

आता ते मालकी दाखवणं. खरं सांगायचं तर त्या वयात मोनो अंगावर उड्या मारायचा म्हणून आम्हीही एका प्रशिक्षकाला घरी बोलावलं होतं. त्याने गळ्यात आवळणारी साखळी घातली, झटके दिले, आणि अर्ध्या तासात मोनो पुतळ्यासारखा बसला. हे खूश. मी मात्र त्याचं तोंड बघत होते. कान मागे चिकटलेले, खाऊ समोर नसताना सारखी ओठांवरून जीभ, झोप आलेली नसताना जांभया, शेपूट पोटाखाली. हा शांतपणा नाही, घाबरणं आहे. दोन वेळा येऊ दिलं, तिसऱ्यांदा नको म्हटलं. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटके-दटावणीने शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची ही लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं. तो वाचल्यावर मला तिसऱ्यांदा नाही म्हटल्याचं समाधान वाटलं, पहिल्यांदाच न म्हटल्याचं वाईट.

उताणा पाडून दाबण्याची ही सगळी कल्पना कुठून आली, तर लांडग्यांकडून. १९४७मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून कळपातल्या वरचढपणाविषयी लिहिलं. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकातून 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द घरोघरी गेला. पण मेक पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहत राहिले, आणि १९९९मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी मारामारी नसते. स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. ते थांबायला २०२२ साल उजाडलं. शुद्धिपत्र छापून घ्यायला इतकी खटपट करणारा लेखक मला नोकरीत एकदाही भेटला नाही. पण चूक एकदा छापली की ती पुरवण्यांतून फिरत राहते, हे मात्र रोज पाहिलं. आणि मुळात कुत्रा लांडगा नाही, आणि त्याच्याआधी जेवल्याने त्याला 'पसर' येत नाही.

नाक घासण्याविषयी थोडक्यात सांगते. शिक्षा कशाबद्दल, हे कुत्र्याला कळायला ती कृतीनंतर सेकंद-दोन सेकंदांत व्हावी लागते. तासाभराने नाक घासलं तर तो एवढंच शिकतो की घरात घाण असताना माणूस आला की वाईट होतं. मग तो पलंगामागे जाऊन करतो. 'पण त्याला कळतं हो, चेहरा बघा कसा अपराधी करतो' असं लेखात आहे. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये १४ कुत्र्यांवर हे पडताळून पाहिलं. तो चेहरा कुत्र्याने काही केलं आहे की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला आहे की नाही यावर ठरत होता. न केलेल्या गुन्ह्यासाठी रागावलं तरी चेहरा तोच. तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तासांपलीकडे धरून ठेवू शकत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्यावं, तिथे केलं की तिथल्या तिथे 'छान'. चुकून घरात झालंच तर नाकाऐवजी फरशी घासावी.

थांबायला शिकवणं मला सगळ्यांत आवडलं, कदाचित माझ्या स्वभावामुळे. त्याला आम्ही वेगळा शब्दच ठेवला नाही. 'टेक' म्हणजे 'मोकळा' येईपर्यंत टेक. पहिल्या दिवशी दोन सेकंद. मग पाच. मग तीन, मग आठ; नेहमी वाढवतच नेलं तर त्याला वाटतं हे काही संपायचं नाही. वेळ वाढवायची तेव्हा मी जागची हलत नसे. अंतर वाढवायचं तेव्हा वेळ पुन्हा दोन सेकंदांवर. नातू चेंडू घेऊन खोलीत आला की दोन्ही कमी. आणि बक्षीस द्यायला दर वेळी मीच परत त्याच्याजवळ जात असे. त्याला उठून यायला सांगितलं असतं तर बसून राहण्याचं बक्षीस उठण्याला मिळालं असतं. आता मी मुद्रितं तपासायला बसते (अजून घरी थोडं काम येतं) तेव्हा तो शेजारी टेकतो. कधी मी 'मोकळा' म्हणायला विसरते. एकदा एक संपूर्ण प्रकरण संपवून वर पाहिलं, तर हा तसाच, एक कान उभा, एक पडका, माझ्याकडे बघत. मी त्याची माफी मागितली. सुरासकट.

तेव्हा संपादक महाशय, विनंती एवढीच. 'पत्ता'ची दुरुस्ती छापली नाहीत तरी चालेल, त्याने कुणाच्या कुत्र्याला इजा होत नाही. उताणा दाबण्याची आणि नाक घासण्याची मात्र छापा. पान दोनवर, खाली, बारीक अक्षरात छापलीत तरी मी शोधून वाचीन.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव छापू नये. प्रशिक्षक अजून आमच्याच रस्त्याने जातो.)

ता. क. हे पत्र पाकिटात घालण्याआधी ह्यांनी वाचलं. 'तिसऱ्याला बसला' हे जुनं झालं, आता तो दुसऱ्याला बसतो, तसा बदल करावा असा त्यांचा आग्रह आहे. आत्ताच दिवाणखान्यात पाच वेळा करून पाहिलं. तिसऱ्यालाच बसतो. मूळ मजकूर तसाच ठेवावा.